विरजण मागायला कमीपणा वाटतो का?

माझ्याकडं सांगलीत समुपदेशनाला जी माणसं येतात त्यांच्यातली एक तक्रार आता मला पाठ झालीय, "मॅडम, आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कुणाशी बोलतच नाही, आम्ही आपणहून जातो, देतो, विचारतो, पण समोरून काहीच नाही, आमच्यातच काही कमी आहे का?" आधी बायका विचारायच्या, आता रिटायर झालेले काकापण विचारतात. त्यावर एक केस सांगते. त्या ताईंना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई विट्याकडच्या. नवऱ्याचा गलाईचा धंदा, म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करायचं काम. खानापूर-आटपाडी भागातली माणसं दुष्काळामुळं या धंद्यात पडली आणि देशभर पसरली, हे आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहितीय. लग्नानंतर कितीतरी वर्षं ताई कोईमतूरला होत्या. मग मुलीच्या अकरावीसाठी सांगलीत विश्रामबागला फ्लॅट घेतला, मुलगी आणि ताई इकडं, नवरा तिकडं, सणावाराला येणार.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मॅडम, तिकडं मला तमिळ धड येत नव्हतं तरी कधी एकटं वाटलं नाही बघा. आणि इथं आपला जिल्हा, आपली भाषा, तर दुपारी घड्याळाचा आवाज ऐकत बसते." आणि रडायला लागल्या. मी रडू दिलं, तेवढं तरी कुणासमोर झालं नव्हतं.

झोप, भूक, मनात जिवाचं काही बरंवाईट येतं का, हे मी सगळ्यांना आधी विचारते, त्यांनापण विचारलं. तसं काही नव्हतं. (तुमचं तसं असेल, दोन-दोन आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, नकोसं वाटतंय, तर शेजाऱ्याचा विषय बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरला फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.) ताईंना एकटेपणा होता, आजार नव्हता. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर ६ माणसांमागे १ माणूस एकटेपणातून जातोय, त्यामुळं "माझ्यातच कमी आहे" हे डोक्यातून आधी काढा असं मी त्यांना सांगितलं, पण आकडा ऐकून कुणाचं मन हलकं होत नाही, त्यांचंपण झालं नाही.

मग मी चुकीचा सल्ला दिला. श्रावण तोंडावर होता, म्हटलं शुक्रवारचं हळदीकुंकू करा, सगळ्या बिल्डिंगला बोलवा. त्यांनी जीव लावून केलं, मसाला दूध, फुटाणे, घर चकचकीत. बारा फ्लॅटमधून पाच जणी आल्या, कुंकू लावून घेतलं, उभ्या उभ्या दूध प्यायल्या आणि दहा मिनिटांत गेल्या. पुढच्या वेळी ताई आल्या तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त खचलेल्या होत्या. ती चूक माझी होती, मी ऐकायच्या आधी उपाय दिला.

त्यानंतर मी नीट ऐकलं. विचारलं की आत्तापर्यंत शेजाऱ्यांशी काय काय झालं ते सगळं सांगा, बारीकसारीक. तर त्यांनी वर्षभर नुसतं दिलं होतं. संक्रांतीला शेंगदाण्याच्या पोळ्या, गावाकडून आलेली डाळिंबं, एकीचं बाळ आजारी तर भाताची पेज. आणि दरवेळी डबा परत यायचा तो धुऊन, आत चार चमचे साखर घालून, दारातूनच. आपल्याकडं रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही रीत आहे आणि चांगली रीत आहे, पण ताईंना ती साखर टोचायची. म्हणाल्या, "हिशोब फिटला म्हणून सांगत्यात जणू."

मी विचारलं, "ताई, तुम्ही त्यांच्याकडं काय मागितलंत?"

त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "मी? मी कशाला मागू कुणाकडं? देवाच्या दयेनं सगळं हाय घरात."

मला विचाराल तर सगळी गाठ इथंच होती. मी विचारलं कोईमतूरला काय होतं, तर तिथं सगळंच मागायचं होतं. बाळंतपणाला शेजारची विट्याचीच बाई आलेली, दवाखान्यात बोलायला दुसरी कुणी, भाकरीचं पीठ कुणाच्या गावाकडून आलं की वाटून घ्यायचं, मुलीला शाळेतून आणायला तिसऱ्याच घरचा पोरगा. इतकी वर्षं त्या मागत होत्या आणि देत होत्या, त्यातनंच ते गोत झालं. इथं फ्लॅट झाला, फ्रिज, मिक्सर, सगळं घरात, आणि मागणं म्हणजे कमीपणा असं कधी मनात बसलं ते त्यांनापण कळलं नाही.

नुसतं देणारा माणूस समोरच्याला अवघड वाटतो हो. त्याचं ओझं होतं, म्हणून तो साखर घालून लगेच उतरवतो. उलट आपण काही मागितलं की समोरच्याला वाटतं, हिला माझा उपयोग आहे. १९६९ साली जेकर आणि लँडी या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केला होता. लोकांना एका स्पर्धेत पैसे जिंकू दिले आणि नंतर त्यातल्या काहींना संशोधकानं स्वतः विनंती केली की माझ्या खिशातले पैसे संपत आलेत, परत द्याल का. ज्यांच्याकडं परत मागितले त्यांना तो संशोधक जास्त आवडला, ज्यांच्याकडं काही मागितलंच नाही त्यांना कमी. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण घरात दही असताना विरजण मागायला जाणाऱ्या बायका मी लहानपणी सांगलीच्या गावभागात बघितल्यात.

तर ठरलं असं की महिनाभर कुणाला काही द्यायचं नाही, आणि आठवड्यात एकदा काहीतरी छोटं, खरं लागणारं मागायचं. खोटं मागायचं नाही, ते लगेच कळतं. आणि पैसे, सोनं, गाडी असलं काही नाही. ताईंना हे उपाशी राहण्यापेक्षा अवघड गेलं, दोन आठवडे काही केलंच नाही. एकदा धीर करून खालच्या मजल्यावर शिडी मागितली तर ते गृहस्थ म्हणाले, आम्ही शिडी कुणाला देत नाही. झालं, ताई परत माझ्यासमोर डोळे पुसत. आम्ही तो अख्खा तास त्या शिडीवर बोललो. ते नाही म्हणाले ते शिडीला, ताईंना नाही. कदाचित कुणीतरी आधी मोडून दिली असेल, कदाचित स्वभाव असेल. बारा घरांत एक घर तसं असणारच, आणि त्या घराला तसं राहायचा हक्क आहे हेपण मी सांगितलं, कारण शेजारधर्म म्हणजे सगळ्यांनी एकमेकांच्या घरात बसायचं असं नाही.

दिवाळीला त्या विट्याला जाऊन आल्या आणि घरात दही नव्हतं. वरच्या मजल्यावर एक रिटायर शिक्षिका एकट्या राहतात, त्यांच्याकडं वाटी घेऊन गेल्या. आजी म्हणाल्या, "दिवे लागायच्या आत आलीस हे बरं केलंस, नाहीतर मी दिलं नसतं." आणि बस म्हणाल्या. वर्षभर डबे पोचवले तेव्हा आजींनी कधी बस म्हटलं नव्हतं.

आठ दिवसांनी आजीच खाली आल्या. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, बँकेत जायला सोबत नव्हती, रिक्षात चढताना गुडघा धरतो. मुलगी कॉलेजवरनं येऊन त्यांना स्कूटीवर घेऊन गेली. तिथनं पुढं काय काय झालं ते मी सगळं लिहीत नाही, मुलीला इंग्रजी आजी शिकवायला लागल्या एवढं सांगते, आणि ताई भाजी निवडायला दार उघडं ठेवून पॅसेजमध्ये बसायला लागल्या, त्यामुळं येताजाता दोन शब्द होतातच.

हे मी एवढं मनापासून का सांगतेय तर २०१९ चा ऑगस्ट, कृष्णेचा महापूर. सांगलीतल्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आमच्या गल्लीत कुठल्या घरात वर झोपून असलेलं म्हातारं माणूस आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, हे बोटीवाल्यांना आम्हा शेजाऱ्यांनीच सांगितलं, ते कुठल्या यादीत नव्हतं. आम्ही स्वतः मिरजेला ज्यांच्याकडं नऊ दिवस राहिलो त्यांच्याशी आमची ओळख एकेकाळी शिलाई मशीन मागण्यावरनं झालेली.

शिडीवाले काका ताईंशी अजून बोलत नाहीत. ताईंचं त्यावाचून अडत नाही आता.

शेवटच्या भेटीला ताई पंधरा मिनिटं आधीच उठल्या. मी म्हटलं वेळ आहे अजून, बसा. तर पर्समधली किल्ली दाखवली, "आजी डॉक्टरकडं गेल्यात, गॅसवाला यायचाय, किल्ली माझ्याकडं दिलीय." आणि चप्पल घालताघालता मला म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडं रिक्षाला सुट्टे असतील का पन्नासचे?"