८ ÷ २(२ + २) चं उत्तर १६ की १?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ८ ÷ २(२ + २) टाकलं. तुम्ही १६ सांगितलं. निवृत्त शिक्षक असलेले तुमचे सासरे १ वर ठाम आहेत. फोन १६ दाखवतो, मुलाचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर १ दाखवतो, आणि आता जेवताना घरात कुणी कुणाशी बोलत नाही. गणितात एका प्रश्नाला दोन उत्तरं कशी, असं तुम्ही विचारलंय.

मी परळच्या एका रात्रशाळेत बरीच वर्षं गणित शिकवतोय. हा वाद माझ्या वर्गात दरवर्षी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निकाल. आज शाळेत शिकवतात तो नियम जसाच्या तसा लावला, तर १६. कंस सोडवून ४, मग डावीकडून ८ ÷ २ = ४, आणि ४ × ४ = १६. पण तुमचे सासरे गणितात चुकलेले नाहीत. ज्याने हे असं लिहिलं, त्याचं लिहिणं चुकलं आहे.

दोन वेगळे वाद इथे एकत्र झालेत, ते आधी सोडवू. २ + ३ × ४ चं उत्तर १४, यात वाद नाही आणि असूही नये. २० म्हणणारे लोक ग्रुपवर भेटतात, त्यांच्यामागे बहुतेक वेळा दुकानातला साधा कॅल्क्युलेटर असतो. माझा एक विद्यार्थी पहाटे दादरच्या फुलबाजारात एका गाळ्यावर काम करायचा आणि रात्री डोळे चोळत वर्गात बसायचा. गुणाकार आधी का करायचा, हे मी फळ्यावर समजावत होतो, तेव्हा तो म्हणाला, "सर, मशीन असं करत नाही." त्याचं खरं होतं. गिऱ्हाइकाची मागची बाकी ५०० रुपये आणि आज ३ किलो झेंडू ४० च्या भावाने, हे त्याने ५०० + ३ × ४० असं त्या मशीनवर दाबलं असतं, तर २०,१२० आले असते. साधं मशीन आलेला आकडा लगेच उरकतं, पुढे गुणाकार येतोय याची वाट बघत नाही. म्हणून गाळ्यावरची मुलं काय करतात? ५०० एम प्लस (आकडा मशीनच्या मेमरीत जमा करणारं बटण), मग ३ × ४० एम प्लस, शेवटी एमआरसी (जमा झालेलं दाखवणारं बटण), आणि ६२० येतात. शाळेची पायरी न चढलेला माणूससुद्धा हे बरोबर करतो. विंडोजमधल्या कॅल्क्युलेटरचंही तसंच आहे: स्टँडर्डमध्ये २ + ३ × ४ दाबलं तर २०, सायंटिफिकमध्ये १४.

त्या मुलाला मी विचारलं, "५०० मध्ये ३ मिळवलेस, ते ३ काय होते?" तो म्हणाला, "किलो." पाचशे रुपयांत तीन किलो मिळवता येत नाहीत. किलोचे आधी रुपये व्हायला हवेत, मगच बेरीज. गुणाकार आधी का, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. हिशेब हा बहुतेक वेळा गुणाकारांच्या तुकड्यांची बेरीज असतो: इतके किलो गुणिले भाव, अधिक तितके डझन गुणिले भाव. तो कंसांची गर्दी न करता लिहिता यावा म्हणून गुणाकाराला आधीची जागा मिळाली.

आपल्या बोलण्यातही हा नियम आहे. "पाच हजार तीनशे" म्हणजे ५ × १००० + ३ × १००. हे कुणी डावीकडून एकेक पायरी करत गेलं, तर ५,००,३०० होतील! एकही माणूस तसं ऐकत नाही. पहिलीतलं पोर आकडा वाचतं तेव्हाच ते गुणाकार आधी आणि बेरीज नंतर करत असतं.

आता तुमच्या घरातला खरा वाद. आपण सगळ्यांनी पाठ केलेलं सूत्र म्हणजे कंचेभागुबेव: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. या सूत्रात दोन खड्डे आहेत. पहिला असा की मुलांना वाटतं, भागाकार गुणाकाराच्या आधी आणि बेरीज वजाबाकीच्या आधी करायचीच. मग १० − ४ + ३ मध्ये आधी ४ + ३ करून उत्तर ३ काढतात. बरोबर उत्तर ९ आहे. भागाकार आणि गुणाकार एका पंक्तीतले, बेरीज आणि वजाबाकी एका पंक्तीतल्या, आणि एका पंक्तीत डावीकडून जो आधी येईल तो आधी. अमेरिकेतल्या मुलांच्या सूत्रात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी येतं, तरी १२ ÷ ३ × २ चं उत्तर तिथेही ८ च आहे. अक्षरांचा क्रम फक्त पाठांतराच्या सोयीचा आहे.

दुसरा खड्डा म्हणजे तो "चे". त्याच्याकडे हल्ली कुणी नीट बघत नाही, आणि माझ्या मते तुमच्या सासऱ्यांचं १ तिथूनच आलंय. "साठ भागिले विसाचे निम्मे" हे कानाने ऐका. विसाचे निम्मे म्हणजे १०, आणि ६० ÷ १० = ६. कुणीही आधी साठाला विसाने भागून मग त्याचं निम्मं करणार नाही, कारण "चे" दोन शब्दांना इतकं घट्ट बांधतं की ती एकच वस्तू होते. म्हणून तो भागाकाराच्या आधी. आता २(२ + २) कडे बघा. मध्ये × नाही, २ कंसाला चिकटलेला आहे. सासऱ्यांच्या डोळ्यांना ती एकच वस्तू दिसते, "चे" सारखी बांधलेली. तुम्हाला तिथे न लिहिलेलं × दिसतं. वाद इतकाच आहे.

त्यांची बाजू लेचीपेची नाही, हे तुम्हाला बीजगणितात दिसेल. ६क ÷ २क किती? तुम्हीसुद्धा ३ म्हणाल. तुमच्या १६ चा नियम इथे काटेकोर लावला तर ३क² यायला हवं, आणि ते कुणीच लिहीत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात १/२क छापलेलं असलं, तर वाचणारा २क ला एकत्र छेदात धरतो. चिकटून लिहिलेला गुणाकार जास्त घट्ट, ही सवय बीजगणित लिहिणाऱ्यांची आहे. ती शाळेच्या सूत्रात कधी नीट लिहिली गेली नाही, पण ती खोटी नाही.

यंत्रांचंही यावर एकमत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या एकाच कंपनीचं टीआय-८२ हे मॉडेल चिकटलेला गुणाकार भागाकाराच्या आधी करायचं, आणि नंतरच्या टीआय-८३ ने तसं करणं सोडलं. कॅसिओच्या काही नव्या मॉडेलमध्ये ६ ÷ २(१ + २) टाकलं, तर ते स्वतःच २(१ + २) भोवती जादा कंस घालून दाखवतं आणि उत्तर १ देतं. मुलाचा कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही. त्याला तसं वाचायला शिकवलंय. तुमचं हेच गणित २०१९ मध्ये जगभर फिरलं, तेव्हा स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या अमेरिकन गणितज्ञांनी त्यावर वर्तमानपत्रात लेख लिहिला होता.

मला खटकतं ते ÷ हे चिन्ह. ते भागाकारासाठी १६५९ मध्ये योहान रान या स्विस गणितज्ञाच्या पुस्तकात छापलं गेलं. ते कुठपर्यंतच्या मजकुराला भागतंय, हे ते सांगत नाही. आडवी रेघ मारून वर ८ आणि खाली २(२ + २) लिहिलं, तर विचारायला काही उरतच नाही. गणिती चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकाने, म्हणजे आयएसओ ८०००० च्या दुसऱ्या भागाने, भागाकारासाठी ÷ वापरू नये असंच म्हटलंय.

चिन्हं नव्हती तेव्हा हा घोळ नव्हता. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक उदाहरण आहे: एका संख्येला ३ ने गुणलं, त्यात त्या गुणाकाराचा ३/४ मिळवला, ७ ने भागलं, त्यातून भागाकाराचा तिसरा हिस्सा वजा केला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढलं, ८ मिळवले, १० ने भागलं, आले २. ती संख्या २८. इतक्या पायऱ्या असूनही कुठे अडखळायला होत नाही, कारण कशानंतर काय ते शब्दांतच सांगितलंय.

म्हणून सासऱ्यांशी बोलताना आकडे बाजूला ठेवा आणि गोष्ट सांगा. ८ पेढे आहेत, २ विंग, प्रत्येक विंगमध्ये खाली २ आणि वर २ घरं. प्रत्येक घराला किती? १. आता दुसरी गोष्ट. ८ पेढ्यांच्या दोन-दोनच्या पुड्या केल्या, आणि प्रत्येक पुडी भरायला २ मिनिटं, बांधायला २ मिनिटं लागली. एकूण किती मिनिटं? १६. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि ग्रुपवर ते गणित टाकणाऱ्याने यातली कुठली त्याच्या मनात होती, ते लिहिलंच नाही. पहिली असेल तर ८ ÷ (२ × (२ + २)) लिहायचं, दुसरी असेल तर (८ ÷ २) × (२ + २).

तो फुलबाजारातला मुलगा पुढे दहावी झाला. अजून त्याच गाळ्यावर आहे, पण आता हिशेब तो लिहितो. मध्यंतरी दसऱ्याला झेंडू घ्यायला गेलो, तेव्हा त्याची चिठ्ठी पाहिली: ५०० + (३ × ४०). मी म्हटलं, अरे, इथे कंस लागत नाही. तो म्हणाला, "मला माहितीये, सर. पण चिठ्ठी शेठच्या मुलाकडे जाते, आणि तो मशीनवर दाबतो."