मोजा निघेपर्यंत सूर पुरायला हवा

प्रश्न : लंडनमध्ये बर्लेस्क (मंचावर एकेक कपडा उतरवत करायचा खट्याळ नाच) शिकते आहे. चार मिनिटांचा पहिला एकल नाच बसवायचाय. डेव्हिड रोझचं ‘द स्ट्रिपर’ घेऊ का? तालमीत हातमोजे निघायच्या आत संगीत पुढे पळतं.

उत्तर : ते १९६२ साली गाजलेलं वाद्यसंगीत आहे, पण जेमतेम दोन मिनिटांचं. शिवाय ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याच्या सुराची घसरण आणि ड्रमचे ठोके इतके ठळक, की कंबरेचा झटका अर्धी मात्रा चुकला तरी शेवटच्या रांगेला कळतं. ते शेवटासाठी राखा.

सुरुवातीला अर्ल हेगनचं ‘हार्लेम नॉक्टर्न’ (१९३९) घ्या. सॅक्सोफोनचा सूर लांबतो, मोजा अडला तरी सावरायला जागा मिळते. मिनिटाला साधारण ८० मात्रांचं ध्वनिमुद्रण शोधा. चार मात्रांची आठ आवर्तनं म्हणजे २४ सेकंद. पहिल्या दोन आवर्तनांत पाचही बोटांची टोकं सैल करा, उरलेल्या सहांत कोपरावरून मोजा खाली ओढा. साटीनचा मोजा घामाने चिकटतो, म्हणून तालीम दमल्यावरही करा. कोरड्या हाताने घेतलेली वेळ मंचावर फसवते.

दोन तुकडे जोडताना आवर्तन पूर्ण झाल्यावरच कापा. जुन्या मोनो मुद्रणाचा आवाज अनेकदा दबका असतो. दोन्हींची पातळी सारखी करून मंचावरच्याच स्पीकरवर ऐका. कॉर्सेटचे (कंबर आवळणाऱ्या घट्ट चोळीचे) हूक मात्र ठोक्यावर सोडू नका. एखादा हमखास अडकतो. तिथे प्रेक्षकांकडे पाठ आणि लांब सूर, एवढं पुरतं.