संघर्षग्रस्त भागातले लोक लस नाकारतात, त्यांना कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय की छत्तीसगडच्या सीमेलगत काम करणाऱ्या एका आरोग्य संस्थेत तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात, काही पाड्यांवर आया बाळांना सुई टोचू देत नाहीत, आणि लसीचं महत्त्व पटवून देणारे चांगले तक्ते किंवा चित्रफिती कुठे मिळतील ते तुम्हाला हवं आहे. मी दक्षिण गडचिरोलीत प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली, पुढे कम्युनिटी मेडिसिन शिकवलं. तक्ते जरूर मिळवा, पण सुरुवात तिथून करू नका. ज्या भागानं बंदुका पाहिल्यात तिथे लोक लसीच्या आधी लस घेऊन येणाऱ्याला जोखतात. हा कुणाच्या गाडीतून आला? इथून गेल्यावर कुणाला काय सांगणार? आणि रात्री पोराला ताप भरला तर सापडेल का? तक्ता यातलं काहीच सांगत नाही.

काँगोत काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण चांगली लस हाताशी असूनही काम कसं अडतं हे तिथे लख्ख दिसलं. पूर्व काँगोतल्या उत्तर कीवू प्रांतात १ ऑगस्ट २०१८ रोजी इबोलाची साथ जाहीर झाली. या वेळी लस होती आणि ती परिणामकारकही होती. रुग्णाच्या संपर्कात आलेली माणसं आणि त्या माणसांच्या संपर्कातली माणसं, असं कडं करून ती टोचायची. तरीही साथ जवळजवळ दोन वर्षं चालली. ३,४७० रुग्ण झाले, २,२८७ माणसं दगावली.

बेनी शहराच्या आसपास २०१४ पासून सशस्त्र टोळ्या गावकऱ्यांच्या कत्तली करत होत्या. तेव्हा लोकांच्या मदतीला म्हणावं तसं कुणी आलं नाही. इबोला आल्याबरोबर मात्र गाड्यांचे ताफे आले, बाहेरची माणसं आली, पैसा आला. आम्हाला कापत होते तेव्हा तुम्ही कुठे होता, हा लोकांचा सवाल होता आणि त्याला कुणाकडेही उत्तर नव्हतं. त्याच काळात काँगोत गोवरानं सहा हजारांहून अधिक जीव घेतले, त्यात बहुतेक लहान मुलं. त्या मुलांसाठी असे ताफे आले नाहीत. भरीस भर म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये इबोलाचं कारण देऊन बेनी आणि बुटेंबो या विरोधकांच्या बालेकिल्ल्यांतलं राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान पुढे ढकललं गेलं. तिथल्या लोकांच्या मताशिवायच नव्या अध्यक्षाचा शपथविधी उरकला. मतदान पुढे ढकलल्याची घोषणा झाली आणि लगेच बेनीत जमावानं इबोलाच्या एका केंद्रात घुसून मोडतोड केली. साथ हे राजकारण्यांनी रचलेलं कुभांड आहे असं तिथल्या माणसाला वाटलं, तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही.

त्या साथीच्या सुरुवातीला, सप्टेंबर २०१८ मध्ये, बेनी आणि बुटेंबोतल्या ९६१ प्रौढांची मुलाखत घेऊन एक पाहणी झाली होती. चारांतल्या एकाला इबोला खराच वाटत नव्हता. आणि ज्यांचा सरकारी यंत्रणेवर विश्वास कमी होता, ते लस घ्यायलाही कमी तयार होते. विज्ञानाचं ज्ञान किती, यापेक्षा यंत्रणेशी नातं कसं आहे यावर बरंच काही ठरत होतं.

पुढे हल्ले वाढले. फेब्रुवारी २०१९ मध्ये उपचार केंद्रं जाळली गेली, एप्रिलमध्ये बुटेंबोच्या इस्पितळात बंदूकधाऱ्यांनी रिचर्ड मुझोको या कॅमेरूनच्या साथरोगतज्ज्ञाचा जीव घेतला. मग पथकांना पोलीस आणि सैनिकांचं संरक्षण देणं आलंच. पण शिपायासोबत दारात आलेली परिचारिका लोकांना परिचारिका वाटत नाही. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्ष जोआन लिऊ यांनी मार्च २०१९ मध्ये हे जाहीरपणे बोलून दाखवलं: बळजबरीनं आणि पोलिसी पद्धतीनं आजारी माणसं पुढे येत नाहीत, लपतात.

तरी साथ आटोक्यात आलीच, आणि तीन लाखांहून अधिक लोकांनी लस घेतली. त्यात स्थानिक परिचारिकांना आणि तरुणांना टोचायला शिकवण्याचा मोठा वाटा होता. ज्या वस्तीत रुग्णाच्या घरी पथक गेलं की अख्खी गल्ली बोट दाखवायची, तिथे थोड्या अंतरावर, लोकांनीच ठरवलेल्या जागी लस द्यायला सुरुवात झाली. काही केंद्रांत पारदर्शक भिंतींच्या खोल्या आल्या, त्यामुळे आपल्या माणसाचं आत काय चाललंय ते घरच्यांना बाहेरून दिसू लागलं. लोक तेच होते. आपण त्यांच्याशी वागण्याची रीत बदलली होती.

पाकिस्तानातला धडा आणखी कडू आहे. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेनं एका डॉक्टरकरवी अबोटाबादमध्ये हेपटायटिस-बी लसीकरणाची मोहीम चालवली. आधी एका गरीब वस्तीत पहिला डोस दिला आणि पुढचे डोस न देताच पथक लादेनच्या घराच्या भागात हलवलं. मला त्या अर्धवट सोडलेल्या बाळांचा विचार केला की आजही संताप येतो. बातमी फुटल्यावर पुढच्याच वर्षी, जून २०१२ मध्ये, उत्तर वझिरिस्तानात हाफिज गुल बहादूर या तालिबानी सरदारानं ड्रोन हल्ले थांबेपर्यंत पोलिओचे थेंब बंद करून टाकले. डिसेंबरमध्ये कराची आणि पेशावर भागात लसीकरण करणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या गेल्या. २०१४ मध्ये त्या देशात पोलिओचे ३०६ रुग्ण सापडले, बहुसंख्य त्या आदिवासी पट्ट्यातले. अमेरिकेनं लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही असं २०१४ मध्ये जाहीर केलं. तोवर अर्धांगवायूनं गाठायची ती पोरं गाठली होती.

म्हणून माझा पहिला आग्रह, आणि यावर मी तडजोड करत नाही: लसीकरणाच्या कामात माहिती गोळा करण्याचं दुसरं कुठलंही काम मिसळू देऊ नका. घरात किती पुरुष, कोण बाहेरगावी, कोण नवीन आलंय, असले प्रश्न विचारू नका. कुणी वरून तसा तक्ता भरायला दिला तर नाही म्हणा. सुरक्षा दलांच्या जनजागरण मेळाव्यांतही आरोग्य शिबिरं होतात, त्यांतून लोकांना औषधं मिळतात, त्याला माझा विरोध नाही. पण बाळाच्या नियमित लसीचं सत्र तिथे लावू नका. ते अंगणवाडीत, समाजमंदिरात, आशाताईच्या अंगणात होऊ द्या. तुमच्या भागातली हिंसा गेल्या काही वर्षांत खूप कमी झाली आहे हे खरं, पण ज्या घरानं नक्षलवादी आणि सुरक्षा दलं अशा दोन्ही बाजूंचा मार खाल्लाय ते घर इतक्या लवकर दार उघडत नाही.

आता एक गोष्ट तपासा. लोक खरंच नाकारतात, की त्यांच्यापर्यंत नीट कुणी पोचतच नाही? गाझात २०२४ च्या जुलैमध्ये सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला आणि नंतर दहा महिन्यांच्या एका बाळाला लुळेपणा आला, तिथे २५ वर्षांतला पहिला रुग्ण. १ सप्टेंबरपासून लढाईत तात्पुरता विराम घेऊन मोहीम झाली आणि पहिल्याच फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना थेंब मिळाले. बेघर झालेले आईबाप पोरांना उचलून रांगेत उभे होते. तिथे कुणाचं मन वळवायची गरजच नव्हती, बॉम्ब थांबवायची होती. आपल्याकडेही मार्च-एप्रिलमध्ये बायका पहाटेच मोहफुलं वेचायला जातात, मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. अकरा वाजता जाऊन रिकामी घरं पाहायची आणि रजिस्टरवर 'नकार' लिहायचा, हा त्या बायांवर अन्याय आहे. गावाला विचारून वेळ ठरवा. पावसाळ्यात नदीनाल्यांनी वाट बंद होणार असेल तर त्याआधीच कोणत्या बाळाचा कोणता डोस राहिलाय ते पाहून ठेवा.

खरा नकार असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा ताप असतं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची, सुई दिली की बऱ्याच बाळांना ताप येतो, मांडी सुजते. धडधाकट पोराला सुई दिली आणि ते रात्रभर रडलं, आईची दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली. शेजारणीनं ते पाहिलं की पुढच्या महिन्यात तिचंही दार बंद. यावर एकच इलाज मी परिणामकारक ठरलेला पाहिला आहे. ताप येईल हे आधीच स्पष्ट सांगायचं, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती द्यायचं ते आईच्या हातून एकदा करवून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी आशाताईनं किंवा तुम्ही स्वतः त्या घरी परत जायचं. परत येणारी माणसं लोकांनी कमी पाहिलेली असतात. ही दुसऱ्या दिवसाची फेरी तुमच्या संस्थेच्या आराखड्यात नसेल, तर पोस्टरांचे पैसे काढून तिथे घाला.

काही विपरीत घडलं तर झाकू नका. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाच्या इदलिब भागात गोवराची लस पातळ करायच्या द्रावणाच्या जागी चुकून भूल देताना वापरायचं स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि १५ लहानग्यांचा जीव गेला. मोहीम थांबवून चौकशी झाली, नेमकं काय घडलं ते सांगितलं गेलं, आणि त्यानंतरच पुन्हा लसीकरण सुरू होऊ शकलं. तुमच्याकडे साधं गळू झालं तरी त्याच घरी जा, स्वतः पाहा, उपचार करा, आणि गावासमोर बोला. गप्प बसलात तर तुमच्या वतीनं अफवा बोलेल.

गावात कुणाशी बोलायचं? पाटील, गायता (गावाचा पारंपरिक प्रमुख), पुजारी, दाई, या सगळ्यांशी, आणि सुईची बॅग न घेता. त्यांना काय हवंय ते आधी ऐका. ते हिवतापाचं बोलतील, हातपंपाचं बोलतील, बाळंतपणाला गाडी मिळत नाही म्हणून सांगतील. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचा दवाखाना उभा राहिला तेव्हा तो कसा असावा हे आदिवासींना विचारलं गेलं, आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. असं विचारणं वरवरचं नसतं. हिवतापाच्या दिवसांत रक्त तपासून गोळ्या देणारा माणूस पावसाळ्यानंतर लस घेऊन आला, तर त्याच्याशी निदान बोलणं तरी होतं.

सशस्त्र गटांशी बोलणी ही तुमच्या एकट्याची जबाबदारी नाही आणि तुम्ही एकट्यानं त्यात पडूही नका, पण हे जगात झालेलं आहे. एल साल्वादोरमध्ये १९८५ साली युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट, देशाचे अध्यक्ष दुआर्ते आणि कॅथलिक चर्च यांच्या मध्यस्थीनं सरकार आणि बंडखोर दोघांनीही तीन रविवार बंदुका खाली ठेवल्या आणि सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली. यादवी संपेपर्यंत दरवर्षी असे दिवस पाळले गेले. अफगाणिस्तानात २०१८ मध्ये तालिबाननं आपल्या ताब्यातल्या बऱ्याच भागांत घरोघरी जाण्याला बंदी घातली, काही काळ मशिदीत बोलावून थेंब देण्याला परवानगी होती. घरोघरीइतकी मुलं त्यात येत नाहीत, पण काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पाडा घरात येऊ देत नसेल तर झाडाखाली या म्हणेल, तेही स्वीकारा.

शेवटचा मुद्दा तुमच्या पट्ट्यापुरता. सलवा जुडूमच्या, म्हणजे नक्षलवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठिंब्यानं चाललेल्या सशस्त्र मोहिमेच्या, काळात छत्तीसगडच्या बस्तरमधून हजारो कुटुंबं उठली. अनेक जण तेलंगण आणि आंध्रच्या जंगलात वस्त्या करून राहिले, आणि सीमेच्या आपल्या बाजूलाही अशी घरं तुम्हाला भेटू शकतात. त्यांच्याकडे लसीकरणाचं कार्ड नसतं, आधार नसतं, आणि वहीत नाव लिहिलं गेलं की वनखात्याचा माणूस येईल अशी भीती असते. त्यांच्याकडे कागद मागू नका. कार्ड नसेल तर लस मिळालेली नाही असं धरून वयाप्रमाणे सुरू करा, क्षयावरच्या बीसीजी लसीची खूण तेवढी दंडावर पाहा. बाळाचं नाव, आईचं नाव, अंदाजे वय, दिलेली लस आणि पुढची तारीख, इतकंच लिहा. नवीन कार्ड आईच्या हातात द्या, आणि ती पुन्हा उठून दुसरीकडे गेली तर ते कार्ड तिथल्या कुठल्याही सिस्टरला दाखव, लस फुकट मिळेल, एवढं तिला तिच्या भाषेत कळेल अशी व्यवस्था करा. त्यासाठी माडिया किंवा गोंडी बोलणारी मुलगी तुमच्या पथकात पहिल्या महिन्यातच घ्या.