‘चीफ फॉरेस्टर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: ह्यू डी नेव्हिल या इंग्लिश सरदाराचा परिचय मराठीत लिहायचा आहे. त्याच्या ‘चीफ फॉरेस्टर’ या पदासाठी ‘मुख्य वनसंरक्षक’ चालेल का?

चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्य वनसंरक्षक हे आपल्या वनखात्यातले आजचे पद आहे. वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल, उपवनसंरक्षक अशी उतरंड मराठी वाचकाच्या डोक्यात पक्की असते. ‘चीफ फॉरेस्टर’ तसेच ठेवले तरी अडचण सुटत नाही, कारण गावोगावी वनपालालाच ‘फॉरेस्टर’ म्हणतात.

नेव्हिल हा लढवय्या होता. तिसऱ्या क्रूसेडमध्ये, म्हणजे ख्रिस्ती राजांच्या धर्मयुद्धात, इंग्लंडच्या रिचर्ड राजाबरोबर तो 1192 साली पॅलेस्टाइनमधल्या जाफा बंदराला होता. 1198 मध्ये त्याच्याकडे हे पद आले आणि रिचर्डनंतरच्या जॉन राजाच्या जवळजवळ सगळ्या कारकिर्दीत ते टिकले. 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे सरदारांनी जॉनकडून मिळवलेल्या हक्कांच्या सनदेच्या, प्रास्ताविकात राजाच्या सल्लागारांमध्ये त्याचे नाव आहे. पुढच्याच वर्षी तो जॉनविरुद्ध उतरलेल्या फ्रान्सच्या राजपुत्र लुईला जाऊन मिळाला. 1234 मध्ये तो वारला. झाडे लावणे किंवा जगवणे हे त्याचे काम नव्हतेच. रानाच्या कायद्याखालचे खटले चालवणे, दंड ठरवणे आणि ती रक्कम राजाच्या तिजोरीत पोचवणे हे त्याचे मुख्य काम. या पदाला पुढे ‘जस्टिस ऑफ द फॉरेस्ट’ म्हणू लागले, यावरून त्याचे स्वरूप कळते.

घोळाचे मूळ ‘फॉरेस्ट’ या शब्दात आहे. बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये फॉरेस्ट म्हणजे झाडी नव्हे, तर राजाच्या शिकारीसाठी वेगळ्या कायद्याखाली आणलेला मुलूख. त्यात शेते, गावे, माळ, दलदल सगळे येई. डेव्हन परगण्यातला डार्टमूर हा बहुतांशी उघडा माळ, तरी तो फॉरेस्टच. लाल हरीण, फॅलो हरीण, रो हरीण आणि रानडुक्कर ही त्यातली राखीव जनावरे. कायद्याचे दोन भाग होते: ‘व्हेनिसन’ आणि ‘व्हर्ट’. व्हेनिसन म्हणजे आज हरणाचे मांस. त्या कायद्यात मात्र ही जनावरेच. व्हर्ट म्हणजे त्यांना चारा आणि आडोसा देणारी हिरवी झाडी. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरचे झाड तोडले तरी दंड होई. राखणीच्या मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पंजाची तीन नखे छाटावी लागत. 1217 च्या रानसनदेने (‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’) नखे न छाटलेल्या कुत्र्यामागे तीन शिलिंग दंड ठरवला. हरणापायी कोणाचा जीव किंवा अवयव घेऊ नये, हेही त्याच सनदेने ठरवून दिले.

म्हणून ‘फॉरेस्ट’साठी ‘अभयारण्य’ तर सर्वात चुकीचे. तिथे जनावराला अभय असते. इथे ते राजाच्या बाणासाठी राखलेले असते. ‘राखीव वन’ जवळचे वाटते, पण ती भारतीय वन कायद्यातली संज्ञा आहे. ‘रमणा’ हा आपला जुना, सुंदर शब्द आहे. मात्र तो ‘पार्क’साठी राखून ठेवावा, कारण पार्क कुंपण घालून बंदिस्त केलेले असे आणि फॉरेस्टला कुंपण नसे. ‘शिकारखाना’ म्हणजे शिकारीची माणसे, जनावरे, सरंजाम, जमीन नव्हे.

मी सुचवेन ते असे: पहिल्यांदा ‘राजाचे राखीव शिकाररान’ म्हणावे, पुढे नुसते ‘राखीव रान’. नेव्हिल हा ‘राखीव रानांचा मुख्य अधिकारी’. त्याच्या हाताखाली एकेका रानाचा ‘वॉर्डन’ असे, त्याला ‘रानाचा कारभारी’ म्हणता येईल. प्रत्यक्ष फिरून गुन्हेगार पकडणारा तो ‘रखवालदार’. ‘व्हर्डरर’ मात्र तसाच ठेवून एकदा समजावून सांगावा: तो परगण्याच्या न्यायसभेत निवडलेला असे, गुन्ह्यांची नोंद ठेवी आणि कारभाऱ्याला नव्हे, थेट राजाला जबाबदार असे. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टमध्ये व्हर्डरर आजही आहेत.

सर्वात धोक्याची जागा क्रियापदांची. ‘अफॉरेस्ट’ दिसले की ‘वनीकरण’ आणि ‘डिसअफॉरेस्ट’ दिसले की ‘जंगलतोड’ असे सर्रास लिहिले जाईल, कारण कोशात तसेच सापडते. 1204 मध्ये डेव्हन परगण्यातल्या लोकांनी 5,000 मार्क मोजून आपला परगणा, डार्टमूर आणि एक्समूर वगळून, ‘डिसअफॉरेस्ट’ करवून घेतला. मार्क हे नाणे नव्हे, हिशेबाचे परिमाण: 13 शिलिंग 4 पेन्स, म्हणजे एकूण 3,333 पौंडांहून थोडे जास्त. एवढा पैसा लोकांनी जंगल तोडून घेण्यासाठी दिला, असे भाषांतर झाले तर सगळा इतिहासच उलटा होतो. एकही झाड पडले नसेल तरी त्या दिवशी डेव्हन मोकळा झाला, कारण सुटका कायद्यातून हवी होती. तेव्हा ‘अफॉरेस्ट’साठी ‘रानकायद्याखाली आणणे’ आणि ‘डिसअफॉरेस्ट’साठी ‘रानकायद्यातून मोकळे करणे’.

‘असार्ट’ आणि ‘पर्प्रेस्चर’ हेही मजकुरात येतील. पहिला म्हणजे झाडी साफ करून काढलेले शेत, दुसऱ्याला आपले ‘अतिक्रमण’ नेमके बसते.

परिचयाचे वाक्य मग असे करता येईल: ‘ह्यू डी नेव्हिल 1198 मध्ये इंग्लंडच्या राजाच्या राखीव शिकाररानांचा मुख्य अधिकारी झाला, रानकायद्याचे खटले आणि दंडवसुली त्याच्या अखत्यारीत होती.’