दुबईला आगळ विकायचंय? आधी हे कर

वेंगुर्ल्यात बसून दुबईत आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, विकायचं म्हणतोस, छान. पण "तिथे आपली माणसं खूप" हा बाजाराचा अंदाज नव्हे. तिथल्या ऑनलाइन दुकानांवर कोकम शोध. कोण विकतं, काय भावाने, गिऱ्हाइकं कसली तक्रार करतात, सगळं वहीत उतरव. मी हे न बघताच माल पाठवला होता. बुचं सैल, आगळ खोक्यात सांडलं, लेबलं लालभडक. तू सुक्या सोलांपासून, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या सालींपासून, सुरुवात कर, हलकी असतात. कुरिअर, 5 टक्के व्हॅट, परत येणारा माल धरूनच भाव काढ. 2022 च्या भारत-यूएई करारामुळे बऱ्याच मालावरचं शुल्क घटलंय. तुझ्या मालाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाला दिलेला क्रमांक, काढून तपास. लेबल अरबीतही लागेल.