"पुढचा कोण आहे?" यात हसण्यासारखं काय?

प्रश्न: पेशंट म्हणतो, "डॉक्टर, माझ्याकडे कुणी लक्षच देत नाही हो." डॉक्टर म्हणतात, "चला, पुढचा कोण आहे?" सगळे खदाखदा हसले, मीपण हसलो पण खरं सांगू का, कळलं काहीच नाही. आणि आता ग्रुपमध्ये कुणी रडगाणं लावलं की बाकीचे हीच लाईन टाकतात, ती का?

उत्तर: अहो, लाजू नका, न कळता हसणारे भरपूर असतात. गंमत अशी की पेशंटचं बोलणं ऐकून आपण डॉक्टर आता काहीतरी इलाज सांगतील म्हणून वाट बघत बसतो, आणि डॉक्टर स्वतःच तेच करतात ज्याची तक्रार घेऊन तो बिचारा आलेला असतो, म्हणजे दुर्लक्ष! कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्येच लिहून ठेवलंय की ताणलेली अपेक्षा अचानक फुस्स झाली की हसू येतं. पण माझ्या मते नुसतं फुस्स होऊन भागत नाही, ते शेवटचं वाक्य मागच्या वाक्यात फिट्ट बसायला पण लागतं. डॉक्टर "आज पाऊस येईल" म्हणाले असते तर धक्का बसला असता, हसू नाही. आणि "पुढचा कोण आहे?" च्या पुढे एक शब्द जरी जोडला ना तरी मजा गेली.

ग्रुपमधलं म्हणाल तर जोक सगळ्यांना पाठ असल्यामुळे नुसती शेवटची लाईन पुरते, अर्थ एवढाच की "बास आता तुझं". जवळच्या मित्राला चालतं, पण कुणी खरंच अडचणीत असेल तर प्लीज नको.