शिकारीसाठी कमी खर्चात पहिले कंपाउंड धनुष्य कोणते घ्यावे?

आपण चोपड्याचे असून सातपुड्यात शिकारीसाठी स्वस्त कंपाउंड धनुष्य (टोकांना चाके असलेले आधुनिक धनुष्य) विचारले आहे. परंतु वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा असल्याने पुढील उत्तर केवळ लक्ष्यवेधाच्या सरावासाठी आहे.

पैसा मोजका असेल, तर ब्रँडपेक्षा ओढीच्या लांबीकडे, म्हणजे दोरी किती मागे ओढली जाते त्या अंतराकडे, पाहावे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे व त्याला २.५ ने भागावे. ७० इंच भरले, तर ओढ साधारण २८ इंच येते. टोकांवरील चाकांमुळे (कॅम) या धनुष्याची ओढ ठरावीक लांबीवरच थांबते, म्हणून माप चुकले की महागडे धनुष्यही गैरसोयीचे ठरते. ओढीचे वजन (दोरी ओढायला लागणारा जोर) ३५-४० पौंडांपासून हळूहळू वाढवता येईल असेच धनुष्य निवडावे. पहिल्याच दिवशी ६० पौंडांचा हट्ट धरल्यास खांदा तेवढा दुखावतो.

जुने धनुष्य घेण्यास हरकत नाही. मात्र त्याच्या वरच्या-खालच्या लवचिक पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवावा (खानदेशात कापसाला काय तोटा!) आणि तो कुठे अडकला, तर तडा असण्याची शक्यता धरून सौदा सोडून द्यावा. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये, विक्रेत्याने कितीही आग्रह केला तरी. बाण आणि रिलीज (दोरी पकडून सोडण्याचे साधन) यांसाठी थोडे पैसे आधीच बाजूला ठेवावेत.